रणभूमी दाखवणारी माणसं



पानिपत, हळदीघाट, लोंगेवाला, द्रास ही नावं आपण इतक्या वेळा ऐकलेली असतात की त्या जागा आपण पाहिल्याच आहेत असं वाटू लागतं. प्रत्यक्षात तिथं गेलेली माणसं थोडी. आणि ज्यानं युद्ध अनुभवलं आहे अशा माणसाच्या सोबतीनं गेलेली त्याहून थोडी. आज मला बोलायचं आहे ते अशा सोबतीच्या प्रवासाबद्दल. निवृत्त सैनिक आणि कॉलेजातली मुलं यांनी मिळून एखाद्या जुन्या रणभूमीवर जाण्याबद्दल.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातलं कॉलेज ऑफ द ओझार्क्स २००९ पासून दुसऱ्या महायुद्धातल्या आणि नंतरच्या युद्धांतल्या सैनिकांना विद्यार्थ्यांसोबत नॉर्मंडीसारख्या ठिकाणी नेत आलं आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त, २०१४ पासून, सरकारी माध्यमिक शाळांमधून प्रत्येकी दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक फ्रान्स-बेल्जियमच्या रणभूमीवर पाठवण्याची योजना झाली. तोवर त्या युद्धातला एकही सैनिक हयात नव्हता. मुलांना दगड दिसले, थडगी दिसली, खंदक दिसले. सांगणारा माणूस मात्र भेटला नाही.

आपल्याकडे १५ जानेवारी २०२५ रोजी, सेनादिनी, पुण्यात ‘भारत रणभूमी दर्शन’ या उपक्रमाचं संकेतस्थळ सुरू झालं. सीमेवरच्या आणि जुन्या लढायांच्या जागा सामान्य माणसाला पाहता याव्यात, हा त्याचा हेतू. चांगलीच गोष्ट आहे. पण जागा खुली झाली म्हणजे ती कळली असं होत नाही. ती दाखवणारं कुणीतरी लागतं.

गेल्या डिसेंबरात आमच्या उपनगरातल्या एका महाविद्यालयाची सव्वीस मुलं-मुली, त्यांचे दोन प्राध्यापक आणि तीन निवृत्त सैनिक दीवला गेले. मुलांनी रोज रात्री दैनंदिनी लिहावी आणि कुणीतरी ती लिहून घ्यावी, म्हणून एका प्राध्यापक मित्रानं मलाही ओढलं. कवी माणूस रिकामाच असतो, अशी एकूण समजूत आहे, आणि ती फारशी चुकीची नाही.

दीवच का, असं अनेकांनी विचारलं. दीव म्हटलं की आपल्याला सुट्टी आठवते, किल्ला आठवतो. खरं तर या चिमुकल्या बेटानं लढाया पुष्कळ पाहिल्या. १५०९ मध्ये पोर्तुगीज आरमारानं गुजरातचा सुलतान, इजिप्तचे मामलुक आणि कालिकतचा झामोरीन यांच्या एकत्रित आरमाराला इथंच हरवलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा आणि दमणबरोबर दीवही मुक्त झालं, तेव्हा इथं गोळीबार झाला. आम्ही गेलो होतो ते मात्र तिसऱ्या लढाईसाठी. त्या लढाईची जागा जमिनीवर नाहीच. ती दीवच्या नैर्ऋत्येला सुमारे चाळीस सागरी मैलांवर, पाण्यात आहे.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास ‘आयएनएस खुकरी’ ही युद्धनौका तिथं बुडाली. ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या नौका आपल्या मुंबईहूनच पाणबुडीच्या शोधात निघाल्या होत्या. ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीनं त्यांना आधी हेरलं. तिचा पहिला टॉर्पेडो वाया गेला, दुसरा ‘खुकरी’ला लागला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते जहाजाबरोबर खाली गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. स्वातंत्र्यानंतर युद्धात आपण गमावलेली ही एकमेव युद्धनौका.

या घटनेशी मुंबईच्या उपनगरांचं नातं आहे, पण ते आपल्या लक्षात येत नाही. नौदल म्हटलं की आपल्याला कुलाबा आणि गेट वे दिसतं. घाटकोपरला नौदलाचं मोठं भांडार आहे. कांजूरमार्गला नौदलाच्या नागरी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. मालाडला मार्व्याच्या किनाऱ्यावर ‘आयएनएस हमला’ आहे. सकाळच्या लोकलमध्ये आपल्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला माणूस कधी काळी इंजिन-खोलीत घाम गाळून आलेला असू शकतो. आपण त्याला विचारत नाही, आणि तो होऊन सांगत नाही.

आमच्यातले काका असेच मुलुंडला राहणारे. वय चौऱ्याहत्तर. १९७१ मध्ये ते वीस वर्षांचे होते आणि दुसऱ्या एका जहाजाच्या इंजिन-खोलीत कामाला होते. प्रशिक्षणातले त्यांचे दोन सोबती ‘खुकरी’वर होते. ते दोघेही परतले नाहीत. काकांनी नंतर अनेक वर्षं नोकरी केली, निवृत्त झाले, मुलांची लग्नं केली. दीवला मात्र एकदाही गेले नव्हते. ‘जायचं कशाला? तिथं दिसणार काय? पाणी!’ असं ते बायकोला म्हणत. मुलं येणार म्हणाली म्हणून ते यायला तयार झाले.

दुसरे होते साताऱ्याकडचे एक हवालदार. पायदळात चोवीस वर्षं काढली. १९९९ मध्ये ते काश्मीरमध्ये होते. आता घाटकोपरच्या एका सोसायटीच्या फाटकावर सुरक्षारक्षक आहेत. त्या सोसायटीतली एक मुलगी आमच्या सहलीत होती. दोन वर्षं ती त्यांना रोज ‘वॉचमन काका’ म्हणत होती. बोरिवली स्टेशनच्या फलाटावर पदकं लावलेल्या कोटात ते उभे दिसले, तेव्हा तिला ते ओळखूच आले नाहीत.

वेरावळची गाडी पकडली आणि पहिल्याच तासात मुलांनी हवालदारांना घेरलं. पहिला प्रश्न अपेक्षितच होता. ‘तुम्ही किती मारले?’ या पोरांना दोष देता येणार नाही. मे २०२५ मधले ते चार दिवस त्यांनी मोबाइलवर काढले होते. खरी-खोटी चित्रं, जुन्या स्फोटांचे नवे म्हणून फिरवलेले व्हिडिओ, गुणफलक मांडावा तशी विमानांची मोजदाद. युद्ध त्यांच्यापर्यंत क्रिकेटच्या सामन्यासारखं पोचलं होतं. हवालदार शांतपणे म्हणाले, ‘बाळांनो, मी जास्तीत जास्त काय केलं असेल, तर ओझं वाहिलं. रात्री चढायचं. पाठीवर पाण्याचा डबा, दारूगोळा, दोर. वर पोरं तहानलेली असायची. लढाई म्हणजे बहुतेक वेळ ओझंच.’ मुलांचा थोडा हिरमोड झाला. पण रात्री एका मुलानं दैनंदिनीत त्या डब्याचं वजन विचारून लिहिलं होतं. मला ते फार आवडलं.

आता एक जरा नाजूक गोष्ट सांगतो. सहलीत जोगेश्वरीचा एक मुलगा होता. निघायच्या आदल्या रात्री त्याच्या आईचा मला फोन आला. ‘सर, तुम्ही आहात ना सोबत?’ एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, ‘आहे, आपा. काळजी करू नका.’ तिनं काय विचारलं ते मला कळलं, मी काय सांगितलं ते तिला कळलं. युद्धाच्या गोष्टी निघाल्या की आमच्या घरातल्या पोरांकडे कधी कधी कशा नजरा वळतात, ते त्या आईला माहीत होतं.

गाडीत त्या मुलानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘सर, कॅप्टन मुल्ला आपले होते का?’

मी म्हणालो, ‘नाही रे. काश्मिरी पंडित. गोरखपूरचे. महेंद्रनाथ.’

त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग तो स्वतःच हसला. मीही हसलो. पण त्याला काय हवं होतं ते मला ठाऊक आहे. परमवीर चक्र मिळवणारे अब्दुल हमीद १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या आघाडीवर धारातीर्थी पडले. ब्रिगेडियर उस्मान ३ जुलै १९४८ रोजी झांगडला गेले. या तारखा माझ्या वयाच्या बहुतेक शिकलेल्या मुसलमानांना पाठ असतात. ही नावं आम्ही ओळखपत्रासारखी खिशात ठेवतो, कुणी विचारलं तर दाखवायला. त्या पोराला त्याच्या खिशासाठी आणखी एक नाव हवं होतं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी.

वेरावळहून कोडिनार, उना करत बसनं आम्ही दुपारी दीवला पोचलो आणि संध्याकाळी ‘खुकरी’ स्मारकावर गेलो. समुद्रालगतच्या टेकाडावर काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. १९९९ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. जागा सुंदर आहे, वारा भरपूर आहे, सूर्यास्त छान दिसतो. मुलांनी फोटो काढले. ‘भारत माता की जय’ झालं. काका एका बाजूला उभे राहून पाण्याकडे पाहत होते. त्यांच्याशी बोलायला कुणी गेलं नाही, मीही गेलो नाही. पंधरा मिनिटांत आम्ही बसमध्ये परत आलो. बहुतेक सहली इथंच संपतात.

रात्री जेवणं झाल्यावर काकांनी सगळ्यांना लॉजच्या तळमजल्यावर बोलावलं. लॉज तीन मजली. त्यांनी मालकाला विचारून जिन्यातले दिवे बंद करवले. ‘एकानं पुढं या. डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि इथून गच्चीवर पोचायचं. एकानं घड्याळ लावा.’ जोगेश्वरीचा मुलगा पुढं आला. सडपातळ, चपळ. रोज अंधेरीचा पूल धावत ओलांडणारा.

तो निघाला. पहिल्या वळणावर भिंतीला धडकला. दुसऱ्या मजल्यावर पायऱ्या संपल्या असं समजून तो थांबला, चाचपडला, मग पुन्हा चढला. गच्चीचं दार बाहेर ढकलायचं की आत ओढायचं हे त्याला चटकन कळेना. वरून त्याची हाक आली, तेव्हा घड्याळ लावलेल्या मुलीनं सांगितलं, ‘एक मिनिट बेचाळीस सेकंद.’

काका म्हणाले, ‘हा जिना सरळ होता. कोरडा होता. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. खाली पाणी भरत नव्हतं. आमची शिडी लोखंडी आणि उभी असते, आणि जहाज कललं की शिडीही कलते. दार जड, पोलादी. “खुकरी” बुडायला दोन मिनिटांच्या आसपास लागली, असं वाचलेल्यांनी सांगून ठेवलंय. स्फोट झाला आणि दिवे गेले. आता तुम्हीच हिशेब करा, इंजिन-खोलीतला माणूस कुठवर आला असेल.’

कुणीही काही बोललं नाही. मग एका मुलीनं विचारलं, ‘काका, तुमचे मित्र तिथंच होते का?’

‘एक तिथंच होता,’ ते म्हणाले. ‘दुसऱ्याची ड्यूटी नव्हती. तो कदाचित झोपला असेल.’

मला माझे आजोबा आठवले. आम्ही बाणकोटकडचे. आमच्याकडे घरटी एक माणूस दर्यावर असायचा. सारंग, टंडेल, खलाशी. आजोबा आगबोटीवर ‘आगवाला’ होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा ढकलणारे. ते म्हणत, जहाजाचं नाव वरच्यांना माहीत असतं, खालच्याला फक्त उष्णता माहीत असते. ‘खुकरी’ची गोष्ट आपण सांगतो तेव्हा कॅप्टन मुल्लांवर येऊन थांबतो, आणि ते साहजिक आहे. त्यांचं वागणं होतंच तसं. पण त्या रात्री तळाशी असलेल्यांना जॅकेट द्यायला किंवा घ्यायला कुणी भेटलंच नसेल. त्यांची आठवण काकांनी त्या जिन्यात करून दिली. कुठल्याही स्मारकाला ते जमलं नसतं.

त्यानंतर प्रश्नांची जात बदलली. एका मुलीनं विचारलं, ‘पाणबुडी शोधायला गेलेल्या जहाजाला पाणबुडी आधी का दिसली नाही?’ काकांनी तिला नीट समजावलं. ‘खुकरी’ १९५८ ची, ब्रिटिश बनावटीची. ‘हंगोर’ फ्रेंच बनावटीची, १९६९ ची. तिचे कान आपल्या जहाजाच्या कानांपेक्षा लांबचं ऐकत होते. त्यात त्या दिवशी ‘खुकरी’वर सोनार सुधारण्याचा एक प्रयोग चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवला होता. ‘मग असं जहाज पाठवलं का?’ मुलगी हट्टानं म्हणाली. एक प्राध्यापक जरा अस्वस्थ झाले. काका मात्र म्हणाले, ‘हा प्रश्न विचारायचाच. मेलेल्यांचा मान राखायचा म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत, असं कुणी सांगितलं?’ मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी २००६ मध्ये वाचलेल्या नौसैनिकांच्या कथनांवर एक पुस्तक लिहिलं, त्यातही असे प्रश्न आहेत. ते वाचायला त्यांनी मुलीला सांगितलं.

शेवटी एकानं विचारलं, ‘आपण त्या पाणबुडीचा बदला घेतला का?’

‘चार दिवस शोधली. निसटली ती. कराचीला पोचली,’ काका म्हणाले. ‘आता तिथल्या संग्रहालयात ठेवलीय म्हणे.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘तिनं तिचं काम चोख केलं. आमचं काम तिला शोधायचं होतं, ते झालं नाही. दर्यावर असंच बोलतात. शिव्या देऊन पाणबुडी सापडत नाही.’

मुलं चकित झाली. शत्रूबद्दल असं बोलता येतं, हे त्यांनी कुठल्याच सिनेमात ऐकलं नव्हतं. आणि बोलणारा माणूस असा होता की त्याच्या देशप्रेमाबद्दल कुणी ब्र काढू शकत नव्हतं. त्याचे दोन मित्र त्या पाण्यात होते. मला वाटतं, द्वेष आणि धैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तरुण मुलांना पटवून देण्याचा अधिकार अशाच माणसाला असतो. तो मला नाही, प्राध्यापकाला नाही आणि टीव्हीवरच्या निवेदकाला तर नाहीच नाही. १९८४ मध्ये फ्रान्सचे मित्राँ आणि जर्मनीचे कोल व्हर्दंच्या रणभूमीवर एकमेकांचा हात धरून उभे राहिले. ते छायाचित्र जगानं पाहिलं. आपल्या उपखंडात तसा दिवस उगवायला अजून किती काळ लागेल, कुणास ठाऊक. तोवर निदान एवढं व्हावं, की युद्धाबद्दल बोलताना आपण युद्ध पाहिलेल्यांची भाषा वापरावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी मुलांनीच पुन्हा स्मारकावर जायचा आग्रह धरला. या वेळी घोषणा झाल्या नाहीत. काकांनी घड्याळ काढलं आणि म्हणाले, ‘दोन मिनिटं.’ दोन मिनिटं मौन आपण नेहमीच पाळतो. निम्म्या वेळी कुणीतरी खोकतं, कुणाचा तरी फोन वाजतो. त्या सकाळी प्रत्येकाला ती दोन मिनिटं मोजता येत होती. कुठल्या सेकंदाला पहिलं वळण, कुठल्या सेकंदाला दार. जोगेश्वरीच्या मुलाचे ओठ हलत होते. तो फातिहा पढत होता. त्याच्या शेजारी काका हात जोडून उभे होते. कुणी कुणाकडे पाहिलं नाही, आणि त्या मुलाला खिशातून कुठलंच नाव काढून दाखवावं लागलं नाही.

श्रोतेहो, अशा सहली व्हायला हव्यात, आणि लवकर व्हायला हव्यात. १९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण आज पंचाहत्तरीला टेकला आहे. १९६५ चे सैनिक ऐंशीच्या पुढं गेले. आणखी दहा वर्षांनी रणभूमी असेल, बस असेल, तिकीट असेल, इंग्लंडच्या मुलांसारखी आपलीही मुलं दगड पाहून येतील.

मोठा गाजावाजा नको. तीन-चार मुलांमागे एक सैनिक असेल, इतकी छोटी तुकडी असावी. प्रवास रेल्वेनं करावा, कारण माणसं रेल्वेत बोलतात. स्मारकावर एकदा जाऊन परत न येता दोनदा जावं, मध्ये एक रात्र असावी. भाषणं नकोत, प्रश्न असावेत, अगदी अवघडही. आणि सैनिकाला बोलायचं नसेल, तर त्याला गप्प राहू द्यावं. लढाईत काय झालं हे सांगणं हे त्याचं कर्तव्य नाही, ते त्याचं आपल्याला दिलेलं दान आहे.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धापासून तिथली घरं सैन्यात आहेत आणि तिथल्या मुलांना ही गोष्ट पारावर ऐकायला मिळते. आपल्या उपनगरांत पार नाही, पण जिना आहे, सोसायटीचं फाटक आहे, लोकलचा डबा आहे. दीव-द्रासला जाणं प्रत्येकाला जमेल असं नाही. आपल्या मजल्यावरच्या, आपल्या फाटकावरच्या निवृत्त सैनिकाला ‘काका, तुम्ही कुठं होतात?’ एवढं विचारणं मात्र कुणालाही जमेल. आमच्या सहलीतली ती घाटकोपरची मुलगी आता हवालदारांना नावानं, रँक लावून हाक मारते. ते लाजतात, पण उठून उभे राहतात.